पेंडिंग सेक्टर : ८

१० सप्टेंबर २०१६, शनिवार. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट. आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये त्या दिवशी आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी ठरली होती. अशा ठिकाणी पाणी फवारत नाहीत. निष्क्रिय वायू जोराने खोलीत सोडतात, ऑक्सिजन कमी पडतो आणि यंत्रांना ओल न लागता आग विझते. त्या शनिवारी वायू अपेक्षेपेक्षा जास्त दाबाने सुटला. त्याचा आवाज १३० डेसिबलच्या वर गेला आणि त्या आवाजाच्या कंपनांनी डझनावारी हार्ड डिस्क निकामी झाल्या. एटीएम, कार्डावरचे व्यवहार, बँकेचं संकेतस्थळ, सगळं सुमारे दहा तास बंद राहिलं. आग कुठे लागलीच नव्हती.

आवाजाने डिस्क अडखळते हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. २००८च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रांगेपुढे उभे राहून जोरात ओरडले आणि त्याचं चित्रीकरण झालं. ते ओरडले त्याच क्षणी पडद्यावरच्या आलेखात डिस्कला लागणारा वेळ उसळलेला दिसतो. डिस्क मेल्या नाहीत, नुसत्या दचकल्या. पण ती चित्रफीत पाहिल्यावर डिस्ककडे निव्वळ डबा म्हणून पाहता येत नाही.

त्या डब्याच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरत असतात. ७,२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. तिच्यावर, हवेच्या अतिपातळ थरावर, वाचण्या-लिहिण्याचं हेड तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, तर हेड आणि चकती यांच्यातलं अंतर मोजक्या काही नॅनोमीटरचं. धुळीच्या कणाला तिथे जागा नाही. चालू मशीनची वीज अचानक गेली, तर फिरत्या चकत्यांच्या उरलेल्या गतीतूनच मोटर क्षणभर वीज निर्माण करते आणि त्या विजेवर हेड ओढून सुरक्षित जागी ठेवलं जातं. भारनियमनाची सवय असलेल्या गावांत यूपीएसशिवाय चालणाऱ्या मशीनची डिस्क ही कसरत पुन्हा पुन्हा करते. तशा आणीबाणीच्या माघारींची मोजणीही तिच्याजवळ असते.

मोजणी असते, हीच या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट. डिस्क सहसा एका फटक्यात जात नाही. ती आधी आठवडे, कधी महिने कुरकुरते आणि ती कुरकुर स्वतःच नोंदवून ठेवते. लिनक्सवर ही नोंद कुणालाही, फुकट, टर्मिनलच्या एका ओळीत वाचता येते. तरीही बहुतेक माणसं ती पहिल्यांदा उघडतात ती फोटो गेल्यावर.

पहिली लक्षणं दिसतात तीही फसवी असतात. एखादं फोल्डर उघडायला अर्धं मिनिट लागतं. माऊसचा बाण हलतो, पण क्लिकला दाद मिळत नाही. मग सगळं पूर्ववत. माणूस म्हणतो, मशीन जुनं झालं, रॅम वाढवायला हवी. प्रत्यक्षात घडत असतं ते असं : डिस्कला एक सेक्टर, म्हणजे चकतीवरचा साठवणीचा एक छोटा तुकडा, वाचता येत नसतो आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असते. घरगुती डिस्क अशा एका सेक्टरपायी बराच वेळ झटत राहते. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एका आज्ञेच्या उत्तराची साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो, मग डिस्कशी असलेला दुवा नव्याने सुरू करून पाहतो. तेवढा वेळ त्या डिस्कवर अवलंबून असलेलं सगळं थांबतं.

या झटापटीची हकिगत कर्नलच्या नोंदवहीत येते. ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा दिली की ती वाचता येते. तिथे ‘आय/ओ एरर’ हे शब्द, डिस्कचं नाव (बहुधा ‘एसडीए’) आणि सेक्टरचा क्रमांक दिसतो. त्याच्या वरच्या ओळींत महिरपी कंसात एक छोटा संकेत असतो, आणि अनुभवी माणूस आधी तोच पाहतो. तो ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला स्वतःच्या चकतीवरचं वाचता आलेलं नाही. ‘आयसीआरसी’ असेल तर चकतीवरून नीट वाचलेलं, पण केबलमधून येताना बिघडलेलं. पहिल्यात डिस्कवर संशय, दुसऱ्यात केबलवर. हा फरक न पाहता नवी डिस्क आणली जाते, जुनीच केबल तिला लावली जाते आणि चार दिवसांनी तोच त्रास सुरू होतो.

आणखी एक खूण म्हणजे अचानक काहीच सेव्ह होईनासं होणं. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ असा निरोप येतो. अनेक लिनक्स मशीनवर फाइल सिस्टमच्या रचनेत गडबड आढळली की कर्नलने लिहिणं बंद करून फक्त वाचन चालू ठेवावं, अशी मांडणी असते. रीस्टार्ट केलं की पुष्कळदा सगळं पुन्हा सुरळीत भासतं, म्हणून लोक रीस्टार्ट करत राहतात. खरं तर कर्नलने लिहिणं थांबवलं, ते तुमच्या फायलींच्या भल्यासाठी.

आता डिस्कच्या स्वतःच्या नोंदीकडे वळू. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. १९९२ साली आयबीएमने आपल्या डिस्कमध्ये बिघाडाची पूर्वसूचना देणारी सोय आणली. पुढे कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर तशीच दुसरी पद्धत उभी केली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातून सर्वांसाठीचं मानक आलं. डिस्क स्वतःचं तापमान, चालू राहिलेले तास, वाचनातल्या चुका, बदललेले सेक्टर मोजू लागली. पण हे आकडे वाचणार कोण?

लिनक्ससाठी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल कॉर्नवेल यांनी ‘स्मार्टसूट’ नावाचा संच लिहिला होता. तो पुढे नेला एका भौतिकशास्त्रज्ञाने. ब्रूस ॲलन तेव्हा मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गुरुत्वीय लहरींचा शोध घेत होते. लायगोच्या वेधशाळांतून येणारी प्रचंड मोजमापं पिंजून काढायची तर शेकडो साधे संगणक जोडलेला क्लस्टर हवा, आणि शेकडो संगणक म्हणजे शेकडो डिस्क. त्यातली कोणती, कधी जाईल? हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा होता. २००२ साली त्यांनी ‘स्मार्टमॉनटूल्स’ हा प्रकल्प सुरू केला आणि तो सर्वांसाठी मोफत, खुला ठेवला. पुढे ते जर्मनीत हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेचे संचालक झाले. १४ सप्टेंबर २०१५ला आलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा संकेत सर्वप्रथम पाहिला तो त्याच हॅनोव्हरच्या संस्थेतल्या मार्को द्रागो यांनी. महाराष्ट्राशी या कामाचा धागा जवळचा आहे. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणितावर ऐंशीच्या दशकापासून काम केलं, आणि लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. अशा लहरींतून दोन कृष्णविवरांच्या टकरीचा वेध घेणाऱ्यांनी आपल्या डिस्क सांभाळायला जे हत्यार घडवलं, तेच आज घरच्या लॅपटॉपवर चालतं. लेखकाला ही गोष्ट मनापासून भावते.

हत्याराचं नाव ‘स्मार्टसीटीएल’. टर्मिनलमध्ये ‘सुडो’सह ते चालवून डिस्कचं नाव दिलं की लांबलचक अहवाल येतो. बाहेरून यूएसबीने जोडलेली डिस्क असेल तर कधीकधी ‘सॅट’ हा प्रकार वेगळा सांगावा लागतो, कारण मधली चिप निरोप अडवते. अहवालाच्या सुरुवातीलाच ठळक निकाल असतो : ‘पास्ड’. शंभरातले नव्वद जण तिथेच थांबत असतील. तिथेच थांबू नये.

‘पास्ड’ याचा अर्थ ‘डिस्क ठणठणीत आहे’ असा नाही. खालच्या तक्त्यात प्रत्येक गुणधर्मापुढे चार आकडे असतात : सध्याची किंमत, आजवरची सर्वांत वाईट किंमत, कंपनीने ठरवलेली किमान मर्यादा आणि शेवटी कच्चा आकडा. किंमत सहसा १०० किंवा २००पासून सुरू होते आणि डिस्क खालावत गेली की उतरत जाते. ती मर्यादेला टेकली, तरच निकाल ‘फेल्ड’ होतो. आणि मर्यादा कंपनी ठरवते, बहुधा फारच सैल. शेकडो सेक्टर बाद झालेली डिस्कही ‘पास्ड’ म्हणून मिरवू शकते. म्हणून नजर उजवीकडच्या शेवटच्या रकान्यावर हवी.

आणि त्यातही सगळ्या ओळींवर नाही. ५ क्रमांकाची ओळ ‘रीअलोकेटेड सेक्टर’ची. एखादी जागा कायमची खराब झाली की डिस्क तिचा पत्ता राखीव जागेतल्या दुसऱ्या सेक्टरला देऊन टाकते. घर बदललेल्या माणसाची पत्रं पोस्टमन नव्या पत्त्यावर पोहोचवतो, तसं. संगणकाला पत्ता बदलल्याचं कळतही नाही. १९७ क्रमांकाची ओळ ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची आणि ती अधिक बोलकी. हे सेक्टर वाचता आलेले नाहीत, पण बादही ठरलेले नाहीत. डिस्क संधीची वाट पाहते आहे : कधीतरी वाचता आलं तर ठीक, नाहीतर कुणी तिथे नवं काही लिहील तेव्हा जागा तपासून निकाल लावू. इथे ८ हा आकडा बऱ्याचदा दिसतो. आजच्या डिस्कमधला खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, तर जगाला ती ५१२ बाइटचे सेक्टर दाखवते. एक खरा गेला की मोजणीत आठ जातात.

१९८ क्रमांकाची ओळ डिस्कने फावल्या वेळात स्वतःहून तपासताना न वाचता आलेल्या जागांची. १९९ची ओळ केबलच्या चुकांची. ती कधीच शून्यावर परतत नाही, म्हणून केबल बदलल्यावर आकडा वाढतो का, एवढंच पाहायचं. ९ क्रमांकावर चालू राहिलेले तास. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे तिथे ३५,००० दिसले तर डिस्क एकूण चार वर्षं अखंड फिरलेली आहे. जुन्या बाजारात ‘थोडीच वापरलेली’ म्हणून विकली जाणारी डिस्क घेताना ही ओळ आधी बघावी. उलट, सीगेटच्या डिस्कवर पहिल्या ओळीत दिसणारा कोट्यवधींचा वाचनदोषाचा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. त्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची संख्याही एकत्र गुंफलेली असते.

या आकड्यांवर किती विसंबावं, याचा अंदाज मोठ्या पाहण्यांतून मिळतो. फेब्रुवारी २००७मध्ये गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिश वेबर आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची : तापमान वगळता स्मार्टचा कोणताही संकेत न देता गेलेल्या डिस्क ३६ टक्क्यांहून जास्त होत्या. बॅकब्लेझ ही साठवणूक कंपनी २०१३पासून आपल्या डिस्कची आकडेवारी खुली करते. तिने पाच गुणधर्म निवडले : ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. २०१६मध्ये तिने सांगितलं की, मेलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांत या पाचांपैकी एखादा तरी आकडा शून्याहून मोठा होता. चालू डिस्कमध्ये हे प्रमाण फक्त ४.२ टक्के. म्हणजे आकडा वर गेला तर डिस्कवर विश्वास ठेवू नये. आकडा शून्य असला तरी बॅकअपला पर्याय नाही.

शंका आली की चाचणी घेता येते. डिस्क ती स्वतःच, आतल्या आत घेते. छोटी चाचणी दोनेक मिनिटांची. मोठी चाचणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते आणि एक टेराबाइटलाही काही तास घेते. किती वेळ लागेल हे डिस्क आधीच सांगते. वाचन अडलं तर अहवालात ‘रीड फेल्युअर’ आणि पहिल्या चुकीच्या सेक्टरचा क्रमांक येतो.

इथून पुढचा भाग लेखकाला सर्वांत सुंदर वाटतो. नुसत्या क्रमांकावरून कोणती फाइल जायबंदी झाली ते शोधता येतं. समजा क्रमांक आला ८,१९,२२,०४८. पार्टिशन २,०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं, तेवढे वजा केले की उरले ८,१९,२०,०००. फाइल सिस्टमचा ब्लॉक ४,०९६ बाइटचा, म्हणजे आठ सेक्टरांचा, म्हणून भागिले आठ : ब्लॉक क्रमांक १,०२,४०,०००. ईएक्सटी४ फाइल सिस्टमवर ‘डीबगएफएस’ला हा क्रमांक दिला की तो ब्लॉक कोणत्या आयनोडचा, म्हणजे फाइलच्या कोणत्या अंतर्गत नोंदीचा, ते कळतं, आणि आयनोडवरून फाइलचं पूर्ण नाव. कधी ती एखाद्या प्रोग्रामची फाइल निघते, जी पुन्हा इन्स्टॉल करता येते. कधी ब्लॉक रिकामाच असतो आणि काहीच गेलेलं नसतं. कधी मात्र नाव वाचून पोटात गोळा येतो. ब्रूस ॲलन यांनी हीच रीत फार पूर्वी पायरीपायरीने लिहून ठेवली आहे.

पण हा शोध नंतरचा. क्रम चुकला की डेटा जातो, आणि घरोघरी तो क्रमच चुकतो. डिस्क कुरकुरतेय म्हटल्यावर लोक आधी ‘एफएससीके’ म्हणजे फाइल सिस्टम दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवतात. तो बिघडत्या डिस्कवर लिहितो, जे वाचता येत नाही ते गाळतो, जोडण्या तोडून नव्या लावतो. निरोगी डिस्कवर हे वरदान, आजारी डिस्कवर घात. दुरुस्तीच्या काउंटरवर ऐकू येणारं ‘फॉरमॅट मारून देतो’ त्याहून वाईट. पेंडिंग सेक्टरवर लिहिलं की डिस्क ती जागा तपासते. जागा तात्पुरती बरी निघाली तर पेंडिंगचा आकडा गुपचूप शून्य होतो. डेटाही गेला आणि आजाराचा पुरावाही. ग्राहकाच्या हाती पडते ती ‘ठीक झालेली’ डिस्क. आणि डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर करूच नये. थंड डब्याच्या आत दवबिंदू धरले, तर काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडचं काय होईल, ते सांगायला नको.

पहिलं काम एकच : लिहिणं थांबवून प्रत काढणं. मशीन बंद करून पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करावं, म्हणजे आजारी डिस्क माउंटही होत नाही. मग तितकीच किंवा मोठी दुसरी डिस्क जोडावी आणि ‘डीडीरेस्क्यू’ चालवावं. आंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४पासून ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला हा प्रोग्राम. डेबियन आणि उबुंटूवर त्याच्या पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, आणि नावात अधोरेषा असलेला ‘डीडी_रेस्क्यू’ हा वेगळ्या लेखकाचा वेगळा प्रोग्राम.

त्याची खुबी त्याच्या धीरात आहे. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरपाशी अडून बसते आणि तिथे धडका देत डिस्कचा उरलेला श्वास संपवते. डीडीरेस्क्यू अडलं की उडी मारून पुढे जातं. आधी सहज वाचता येणारं सगळं पदरात पाडतं, मग खराब भागाच्या कडा कुरतडतं आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. हे सगळं ते नकाशाच्या एका साध्या फायलीत टिपत जातं. अधिकचं चिन्ह म्हणजे मिळालेला भाग, वजा म्हणजे हातचा गेलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून न पाहिलेला. वीज गेली, डिस्क तापली, रात्र झाली, तरी हरकत नाही. उद्या हाच नकाशा दिला की काम तिथून पुढे चालू होतं. उलट दिशेने वाचायला सांगितलं की कधीकधी अडलेला एखादा तुकडाही निघतो.

एक धोका मात्र मोठा. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे उलटं टाइप झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. म्हणून ‘बाय-आयडी’ फोल्डरमधली, मॉडेल आणि सिरियल क्रमांक असलेली लांब नावं वापरावीत आणि तो क्रमांक डिस्कच्या लेबलवर डोळ्यांनी ताडून पाहावा. प्रत निघाली की ‘एफएससीके’ त्या प्रतीवर चालवावं. रचना फारच मोडली असेल तर क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचं ‘फोटोरेक’ फाइलच्या आतल्या खुणांवरून फोटो आणि कागदपत्रं वेचून काढतं, फक्त नावं परत मिळत नाहीत. डिस्क टकटक असा लयीत आवाज करत असेल किंवा मशीनला दिसतच नसेल, तर यातलं काही करू नये. वीज तोडावी आणि डेटा मोलाचा असेल तर धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावी. झाकण घरी उघडलं की प्रयोगशाळेचंही काम अवघड होतं.

एसएसडीची गोष्ट थोडक्यात. तिथे चकती नाही, टकटक नाही आणि पुष्कळदा सूचनाही नाही : काल चालत होती, आज गायब. एनव्हीएमई डिस्कवर त्याच स्मार्टसीटीएलमध्ये वापरलेल्या आयुष्याची टक्केवारी, उरलेली राखीव जागा आणि माध्यमातल्या चुका या तीन ओळी पाहाव्यात. दोन्ही प्रकारांसाठी ‘स्मार्टडी’ पार्श्वभूमीत चालू ठेवता येतो. तो ठरावीक वेळाने आकडे तपासतो, सांगितलेल्या दिवशी मोठी चाचणी लावतो आणि पेंडिंग सेक्टर दिसला की ईमेल पाठवतो.

राहता राहिली जुनी डिस्क. वॉरंटीत असेल तर चाचणीचा अहवाल जोडून परत करता येते, पण आतल्या डेटाचा विचार आधी व्हावा. बदललेल्या पत्त्यांमागचे मूळ सेक्टर साध्या पुसण्याने पुसले जात नाहीत. ते नजरेआड जातात, पण त्यांच्यावरचं लिखाण तसंच राहू शकतं. डिस्कला स्वतःला पुसायला सांगणारी आज्ञा असते, पण मरणाऱ्या डिस्कवर ती पूर्ण होईलच असं नाही. लिनक्स इन्स्टॉल करतानाच ‘लक्स’ पद्धतीने पूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर परवलीच्या शब्दाशिवाय ते सेक्टर म्हणजे निव्वळ गिचमीड, आणि डिस्क निर्धास्तपणे कुरिअरला देता येते. तसं केलेलं नसेल आणि आत बँकेची कागदपत्रं असतील, तर वॉरंटीवर पाणी सोडून चकत्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडावीत. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमधल्या चकत्या काचेच्या असतात आणि ड्रिल लागताच त्यांचा चुरा उडतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच.